पारडीचा पहिला श्वास कोणाचा

म्हशीच्या एका पारडीच्या व्यवहारात माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा माझ्याच गोठ्यात, दुसऱ्यांदा माझ्याच अंगणात, आणि तेही अलिबागहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांसमोर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिताना मला हसू येणार आहे, आणि हसण्याच्या भरात मूळ मुद्दा बाजूला पडतो. भाऊ त्याचीच वाट बघत असतो.

माझं माहेर पोयनाडच्या पलीकडचं, खारेपाटातलं. भातशेती, खाडीचे बांध आणि दारात म्हैस. मला दिली नागावात. सासरी नारळी-पोफळीची वाडी होती, पण ती दुसऱ्याची, आमच्याकडे नुसती राखण. घरधनी मुंबईला गोदीत कामाला, सणाला घरी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा माझ्याकडे मालकीची म्हणावी अशी एक शेळी होती. तिचं दूध एका बाळंतिणीला घालता घालता मी एक गाय घेतली, मग म्हैस, मग दुसरी म्हैस, आणि मग पितळी किटली डोक्यावर घेऊन अलिबागच्या हॉटेलवाल्यांना रतीब घालायला लागले. जनावर विकत घ्यायला मी स्वतः जायचे. बाजारात हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाईमाणसाला ते बोट देणार कसे? मी भाव तोंडाने आणि मोठ्याने करायचे. सगळा बाजार ऐकायचा. हेड्यांना ते मुळीच आवडायचं नाही, आणि त्यातच माझा अर्धा फायदा असायचा.

दुसरा अर्धा फायदा श्वास बघण्यात होता. जनावराचे दात, शिंगं, कास सगळेच बघतात. मी आधी बघायचे ती भकाळी, म्हणजे बरगड्यांच्या मागची खोलगट जागा. तिथे श्वास दिसतो. जनावर आजारी असेल, दूरवरून पळवत आणून ताजं म्हणून उभं केलेलं असेल, तर भकाळी सांगते. पुढे माझ्या ध्यानात आलं की विकणाऱ्या माणसालाही भकाळी असते. खोटा भाव सांगितला की माणूस क्षणभर श्वास धरतो. समोरची बाई काय म्हणते ते कळेपर्यंत सोडत नाही. मी मुद्दाम गप्प राहायचे. पदर नीट करायचे, नारळाच्या झावळीकडे बघायचे. मग हळूच फुस्स करून त्याचा श्वास सुटायचा आणि भाव खाली यायचा. या एका युक्तीवर मी गोठा उभा केला.

आता ज्या म्हशीवरून हे घडलं ती म्हैस आमच्या आईच्या हातची. कपाळावर पांढरा चांद, स्वभाव रागीट, दूध घट्ट. तिची आई, तिची आजी, सगळ्या आईनेच वाढवलेल्या. आई गेली, तेव्हा शेत भावाचं झालं, घर भावाचं झालं, आणि मला आईचं लुगडं मिळालं. मी तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण तेवढ्यापुरती. चांदवाली म्हैस मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ती म्हातारी झाली होती, गाभण होती, आणि हे तिचं शेवटचं वेत असणार हे कोणीही सांगितलं असतं. भावाला घरावर नवी कौलं घालायची होती. मी म्हटलं, म्हैस मला दे, कौलांचे पैसे मी देते.

"म्हैस ने," तो म्हणाला, "पण पोटातलं माझं."

"दादा, असं कुठं असतं? म्हैस घेतली की पोटातलं तिच्याबरोबर येतं."

"बाजारात येतं गो बाय. घरात न्हाय येत. आईची जात माझ्या दारातून जाऊ द्यायची न्हाय मला."

"आई काय तुझ्या एकट्याची होती?"

"आई दोघांची. दार माझं."

बराच वेळ असं चाललं. वहिनी दोनदा चहा देऊन गेली. शेवटी ठरलं ते असं: म्हैस माझी, दूध माझं. पोटातलं जिवंत निघालं तर भावाचं, दूध तुटेपर्यंत माझ्याकडे राहील. मेलेलं निघालं तर ते माझं, काय करायचं ते मी करावं. मी हो म्हटलं, कारण माझा डोळा दुधावर होता, आणि भाव करताना मी पहिल्यांदाच समोरच्याचा श्वास बघायला विसरले. सख्ख्या भावाची भकाळी कोण बघतं?

म्हैस व्यायला झाली तेव्हा भाऊ दोन दिवस आधीच माझ्याकडे येऊन राहिला. येताना नवंकोरं दावं घेऊन आला होता, स्वतः काथ्या वळून केलेलं. आमच्याकडे दाव्याला मोठा मान. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, विकत घेणाऱ्याने आपलं आणून बांधायचं. ज्याचं दावं गळ्यात, त्याचं जनावर. आणि एकदा दावं सोडून माणूस गोठ्याबाहेर पडला की व्यवहार संपला. मग बोलायला जागा नाही. हे हेडे पाळतात, कुणबी पाळतात, आगरी पाळतात. भावाने दावं माझ्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि जणू गोठाच विकत घेतल्यासारखा खाली बसला.

दुपारची वेळ. शेजारच्या वाडीतला रहाट चालू होता, त्याचा करकर आवाज आणि पाटात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. पाणमोट फुटली, पुढचे पाय आले, मग नाक, आणि मग काही येईना. आम्ही दोघांनी पाय धरले आणि म्हैस कळ देईल तशी ओढत राहिलो. लहानपणी बैल चिखलात रुतला की ओढायचो तसंच. शेवटी सुळकन सगळं पेंढ्यावर येऊन पडलं. पारडी होती. कपाळावर चांद होता, नखाएवढाच, पण होता.

आणि ती श्वास घेत नव्हती.

जीभ बाहेर, निळसर. भकाळी सपाट. मी तिच्याकडे बघत राहिले आणि भावाकडे. भावाने खाली वाकून तिच्या नाकाला हात लावला, उठला.

"मेली," तो म्हणाला. "तुझी ती." खुंटीवरचं दावं काढलं, खांद्यावर टाकलं आणि गोठ्याबाहेर गेला. अंगणात माडाकडे तोंड करून उभा राहिला. हातात बिडी होती. पेटवलेली नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

मी खाली बसले. आई काय करायची ते मला आठवत होतं. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला. मागचे पाय धरून तिला गव्हाणीवरून उलटी लोंबकळत ठेवली, पाणी गळालं. मग पेंढ्याच्या बोळ्याने पाठ, छाती घासायला लागले, जणू करपलेलं भांडं घासते आहे. तोंडाने मी तिला शिव्या देत होते. मेले, एवढी म्हैस ओरडली, एवढा मी जोर लावला, आणि तू नुसती पडून राहतेस? काही नाही. मग पेंढ्याची एक काडी घेऊन तिच्या नाकपुडीत घातली आणि फिरवली. एकदा. दुसऱ्या नाकपुडीत. पुन्हा.

पारडी शिंकली.

शिंकली म्हणजे काय, सगळं अंग एका झटक्यात आकसलं आणि माझ्या तोंडावर सगळा चिकटा उडाला. मग एक मोठा, घोगरा, लांब श्वास आत गेला. मग पुन्हा काही नाही. मी माझाच श्वास धरून बसलेली. मग दुसरा. मग दोन लागोपाठ. मग थोडं थांबून आणखी एक. एखादा नवशिक्या ढोल बडवतो ना, ताल सापडेपर्यंत कुठेही टिपरू मारतो, तसं. आणि बघता बघता ताल सापडला. भकाळी वर, भकाळी खाली. वर, खाली. तिकडे रहाट करकरत होता, इकडे ही. मी मोठ्याने हसायला लागले. माझ्या लुगड्याचा, केसांचा, तोंडाचा पार चिखल झालेला, आणि मी हसते आहे. म्हैस माझ्याकडे वळून बघायला लागली, हिला काय झालं म्हणून. मग तिने मला बाजूला ढकललं आणि पोरीला चाटायला लागली.

माझ्या हसण्याने भाऊ आत आला. पारडीने मान उचललेली. तो तिच्याकडे बघत राहिला, त्याच्या तोंडावर असं हसू आलं की लहानपणचा तो आठवावा. आणि तसंच हसत हसत त्याने खांद्यावरचं दावं काढलं आणि पारडीच्या गळ्यात घातलं.

"ए!" मी म्हटलं. "हात मागं घे."

"का? जिवंत हाय ना? जिवंत ती माझी."

"तू मेली म्हणालास. दावं घेऊन बाहेर गेलास. माझी झाली. मग मी जिवंत केली."

"तू केलीस? तू काय देव हायेस?"

"मी काडी घातली!"

"मग काडी तुझी. ती ठेव."

त्या दिवशी मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही बोलला. भांडता भांडता आम्ही दोघं पारडीला धरून उभी करत होतो, तिचं तोंड आचळाला लावत होतो. पहिला चीक तिने ओढला तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. गिळताना तिचा श्वास थांबायचा, मग नाकाने फुर्र करून ती हवा ओढायची, पुन्हा गिळायची. "बघ बघ," भाऊ म्हणाला. "शहाणी हाय." आणि मी म्हटलं, "माझी आहे ना." की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत म्हशीची वार पडली नाही, म्हणून मी अलिबागहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. तरुण गृहस्थ, घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. सायकलवरून आले, वार काढली, हातपाय धुतले, आणि चहा पिताना आमचं भांडण त्यांच्या कानावर पडलंच. पडणारच होतं, मी त्यांच्या कानाशीच बोलत होते.

"डॉक्टर, तुम्ही सांगा. श्वास नाही ते मेलेलंच ना?"

"तसं नाही, बाई," ते म्हणाले. "हृदय चालू असणार. नाहीतर तुम्ही काडी काय, बांबू घातला असता तरी ती शिंकली नसती."

भावाने मांडीवर थाप मारली. डॉक्टरांनी मग आम्हांला नीट समजावलं. मला ते इतकं आवडलं की भांडण घटकाभर विसरले. ते म्हणाले, मेंदू खाली येऊन मानेला मिळतो तिथे त्याचा देठ असतो, नारळाला असतो तसा समजा. श्वासाचा ताल त्या देठात असतो. देठ ठोका देतो, ठोक्यासरशी छातीखालचा पडदा खाली ओढला जातो, बरगड्या उघडतात, हवा आत. ठोका थांबला की सगळं सैल होतं, हवा बाहेर. पुन्हा ठोका. गाय, म्हैस, मांजर, माणूस, सगळ्यांचं हेच.

"आणि आपण झोपल्यावर?" भावाने विचारलं.

डॉक्टरांनी शेजारच्या वाडीकडे बोट केलं. रहाटाला टोणगा जुंपलेला होता, डोळ्यांना झापडं बांधलेली. तो आपला गोल गोल फिरत होता आणि रहाट हाकणारा माणूस सावलीत घोरत होता. "असं," ते म्हणाले. "मालक झोपला तरी पाणी येत राहतं."

मग मी विचारलं, हा टोणगा कोण हाकतो? त्याला कसं कळतं कधी जोरात चालायचं? तर ते म्हणाले, रक्तात वापरलेली, खराब हवा साठत जाते, देठाला ती कळते, साठली की तो ठोके वाढवतो. पोटात असताना पिल्लाला नाळेतून सगळं मिळतं. नाळ तुटली की खराब हवा साठायला लागते, अंगाला वारा लागतो, आई चाटते, आणि या सगळ्या धक्क्यांनी देठ कामाला लागतो. कधी बाळंतपण लांबलं तर तो दमलेला असतो, गप्प बसतो. मग नाकातल्या काडीचा धक्का थेट त्याच्यापर्यंत जातो. "तुम्ही काही जीव घातला नाहीत, बाई. पण जीव जात होता तो थांबवलात. ते काही कमी नाही."

"म्हणजे पारडी कोणाची?"

"मी गुरांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, "मामलेदार नाही."

तेव्हा भावाने ती गोष्ट काढली. लहानपणी आम्ही गावच्या तळ्यात श्वास धरून बुडी मारायचो आणि मी त्याला नेहमी हरवायचे. तो म्हणाला, "चल बाय. श्वासावरून भांडण हाय ना? श्वासावरच मिटवू. नाक धरून बसायचं. ज्याचा दम आधी सुटेल त्याने पारडी सोडायची. डॉक्टर पंच."

मी अशी हसले! मला वाटलं, पारडी आली घरात. तळ्यात मी कधी हरले नव्हते.

अंगणात दोन पाट मांडले. आम्ही समोरासमोर बसलो, चांगली संसारी माणसं, गाल फुगवून, नाकं धरून. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका काम टाकून कुंपणाशी आल्या. कोणीतरी म्हणालं, "ही बाय आणि इतका वेळ गप्प? आता पाऊस उन्हाळ्यात पडंल." मला हसू आलं, मी ते गिळलं. छातीत भरायला लागलं. कानात रहाट फिरायला लागला. खराब हवा साठते आहे, मी मनात म्हटलं, साठू दे. भावाचं तोंड वांग्यासारखं झालेलं. डोळे बाहेर. सवयीने माझी नजर खाली गेली, त्याच्या बरगड्यांखाली, आणि मला दिसलं. त्याचं पोट हलत होतं! आत-बाहेर, आत-बाहेर, चोरून हवा घेणाऱ्यासारखं.

आयुष्यभर मी हीच चोरी पकडत आले होते. ती समोर दिसल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"पोट हलतंय!" मी ओरडले. "डॉक्टर, पोट हलतंय त्याचं! चोर!"

भावाने नाक सोडलं, आणि पाटावरून मागे पडून हसायला लागला. कुंपणापलीकडच्या बायका हसायला लागल्या. डॉक्टरांनी घड्याळ खिशात घातलं आणि फार वाईट तोंड करून म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात."

"तो श्वास घेत होता!"

"नाही हो. माणूस नाक-तोंड बंद करून बसला तरी देठ ठोके देतच असतो. पडदा खाली ओढला जातो, पोट उडतं, पण दार बंद असतं म्हणून हवा जात नाही. तुमचंही हलत होतं."

माझंही हलत असेल. पण माझी बोटं नाकावर घट्ट होती. त्याची अंगठ्याशी सैल होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टर विद्वान होते, पण त्यांनी बाजारात कधी म्हैस घेतली नव्हती, आणि माझ्या भावाबरोबर ते लहानाचे मोठे झाले नव्हते.

दूध तुटल्यावर भाऊ पारडीला घेऊन गेला. मधल्या काळात तो वरचेवर यायचा, कधी पेंढ्याचा भारा घेऊन, कधी नवे पोहे, कधी खाडीतले जिताडे मासे. "माझ्या पारडीला बघायला आलो," म्हणायचा. मी म्हणायचे, "तिला जिताडा लागतो वाटतं?" त्याआधी तो वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचा. हिशेब करायचाच तर पारडीने मला भाऊ जास्त वेळा दाखवला. पण तो हिशेब वेगळा, आणि फसवणूक वेगळी.

भाऊबीजेला ओवाळताना मी दरवर्षी विचारायचे. निरांजन त्याच्या तोंडासमोर धरायचे, आणि विचारायचे, पारडी कोणाची? तो ताटात ओवाळणी टाकायचा आणि म्हणायचा, "करंज्या बऱ्या झाल्यात."

मग पारडीची म्हैस झाली आणि गाभण राहिली. एक दिवस सकाळच्या एस.टी.ने माहेरचा निरोप आला, वहिनीचा: म्हैस अडली आहे, यांना काही सुचत नाही, निघून या. मी होते तशी निघाले. वाटेवर, पोयनाडपर्यंत, मी मनात सौदा जुळवत होते. असा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. तो अडलेला, मी सोडवणारी. गोठ्याच्या दारातच उभी राहणार आणि म्हणणार, आधी बोल.

पोचले तेव्हा पिल्लू नुकतंच बाहेर पडलं होतं. पेंढ्यावर तसंच, ओलं, गप्प, सपाट. पारडीच. आणि भाऊ अंगणात, पाठमोरा, हातात बिडी. मला गोठ्याच्या दारात उभं राहायचं होतं, पण पायांनी ऐकलं नाही. मी सरळ आत जाऊन गुडघ्यांवर बसले, पेंढ्यातली काडी उचलली, आणि तोंडाने मात्र ओरडले, "दादा! आधी ती पारडी कोणाची होती ते बोल!"

आणि काडी नाकाला लागायच्या आत पिल्लू आपलं आपण शिंकलं.

हातात काडी तशीच. पिल्लाने एक श्वास घेतला, थांबलं, दुसरा घेतला, आणि ताल धरला. ना माझी गरज, ना भावाची. आयुष्यात माझ्याशी कोणी असा व्यवहार केला नव्हता. भाव नाही, बोली नाही, दलाल नाही. वहिनी मागे उभी होती, ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मीही हसले. दुसरं काय करणार?

भाऊ आत आला. डोळे लाल. म्हणाला धुराने, पण बिडी अजूनही कोरीच होती. त्याने पिल्लाच्या कपाळावरचा चांद पुसून बघितला. मग खुंटीवरून एक जुनं दावं काढलं, काथ्याचं, मी ओळखलं, तेच. ते पिल्लाच्या गळ्यात घातलं आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"ने," तो म्हणाला. "दूध तुटलं की ने. दाव्यासकट."

दाव्यासकट कोणी जनावर देत नाही. तरी मी म्हटलं, "मी भेट घेत नाही. माझ्या हक्काचं असेल तर घेते. हक्काचं म्हण."

"मग ऱ्हाऊ दे इथं."

मी दावं घट्ट धरलं. "आता दिलंस ना? दिलेलं परत घेतात होय?"

आज माझ्या गोठ्यात जेवढ्या चांदवाल्या म्हशी आहेत त्या सगळ्या त्या दाव्याच्या. दावं झिजलं, खुंटीला आहे. नात गुरांच्या डॉक्टरकीचं शिकते आहे. परवा ती सांगत होती की देठातल्या त्या तालाची जागा आता नेमकी सापडली आहे, बारीकशी. आणि म्हणे पिल्लू पोटात असतानाच श्वासाचा सराव करतं, हवा नसताना, नुसत्या हालचाली. भाऊ तिथेच बसला होता. म्हातारा झाला आहे, दात गेले आहेत, पण ऐकू बरोबर येतं. "ऐकलंस?" तो म्हणाला. "पोटातच श्वास घेत व्हती. म्हंजे पहिल्यापासून जिवंत. म्हंजे माझी."

मी वाट बघितली, आणि नेहमीच्या सवयीने त्याची भकाळी बघितली. त्याने श्वास धरला होता. मग एक लांब सुस्कारा टाकला. नात म्हणाली, सुस्कारासुद्धा त्या देठातूनच येतो, आपोआप, मधून मधून यावाच लागतो. बरं झालं सांगितलंस, मी म्हटलं. म्हणजे सुस्कारा हे त्याचं उत्तर धरायचं नाही.

तर दादा, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा नीट ऐक. ती पारडी मेली असं तुला खरंच वाटलं होतं, तर ती माझी होती आणि तू माझं जनावर नेलंस. ती जिवंत आहे असं तुला वाटत होतं, तर तिला तशी टाकून दावं खांद्यावर घेऊन तू माडाकडे तोंड करून का उभा राहिलास? वहिनी म्हणते, त्यांना बघवत नाही, आई गेली त्या वेळेलाही ते असेच अंगणात होते. असेल. पण ते मला वहिनीच्या तोंडून नको आहे. म्हैस दिलीस, दावं दिलंस, जिताडे दिलेस, ते सगळं मी घेतलं. यातलं काहीही उत्तर नव्हे. येत्या भाऊबीजेला मी ताट घेऊन समोर बसेन. करंज्यांचं नाव काढायचं नाही. दोन्हीपैकी काय ते बोल, नाहीतर तिसरं असेल ते बोल. पण बोल.